सटवाईचा लेख आणि बेहड्याचे फासे

रानवाटा:

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीला मुलगी झाली. पाचवीला आईने पाटा-वरवंटा धुऊन मांडला, हळदकुंकू वाहिलं, बाजूला कोरा कागद आणि पेन ठेवलं. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, म्हणून घरातल्यांनी पाळ्या लावल्या. पहाटे तीन ते चार माझी पाळी होती. सटवाई त्या रात्री येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते, एवढं लहानपणापासून ऐकलेलं. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते, ओठ काढले की सटवाई रडवते.

त्या तासाभरात एक प्रश्न मनात आला आणि तेव्हापासून जात नाही. सटवाई लिहिते हे सगळे सांगतात, पण काय लिहायचं हे ती कशावरून ठरवते? मागच्या जन्मीचं खातं बघून, की हाताला येईल ते? तिच्यापुढेही कुणी फासे टाकतं का?

फासे आठवायला कारण आहे. सध्या ऋग्वेदातलं अक्षसूक्त (दहावं मंडल, ३४वं सूक्त) पुन्हा वाचतोय. १४ ऋचांमध्ये एका जुगाऱ्याची आख्खी कैफियत आहे. बायको दूर गेली, सासू तोंड बघत नाही, आई-बाप-भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या. फाशांचं वर्णन तर अंगावर येतं: खाली लोळतात, वर उसळतात, स्वतःला हात नाहीत पण हात असलेल्याला नमवतात. हे फासे हाडाचे किंवा हस्तिदंताचे नव्हेत. ते विभीदकाचे, म्हणजे आपल्या बेहड्याचे. हिरडा, बेहडा, आवळा यांच्या त्रिफळा चूर्णातला तोच बेहडा. सह्याद्रीच्या रानात हिवाळ्यात या झाडाखाली करड्या, मऊ लवीच्या फळांचा सडा पडतो.

या फळांवर ठिपके नसत. अभ्यासकांनी खेळाची रीत लावली आहे ती अशी: पुढे फळांचा ढीग, त्यातून मूठभर उचलायची आणि चार-चारने मोजायची. काहीच उरलं नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर आणि एक उरलं तर कली. कृत सगळ्यात चांगलं दान, कली सगळ्यात वाईट.

म्हणजे ज्याला आपण कलियुग म्हणतो, ते नाव एका हरलेल्या दानाचं आहे. पुराणांतले युगांचे आकडे बघा: कृत १७,२८,०००, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कली ४,३२,००० वर्षं. चार, तीन, दोन, एक. ज्यांनी काळाचा एवढा मोठा हिशोब मांडला, त्यांनी त्याच्या पायऱ्यांना नावं देताना जुगाराच्या पटावरचे शब्द घेतले. मला हे फार मोठं वाटतं.

तुमच्याकडे काय सांगतात? लेख आणि डाव यांची गाठ पडणाऱ्या कथा, चालीरीती, काहीही लिहा. माणसांनी जाणूनबुजून रचलेल्या दैवतकथाही चालतील.

---

उजवा कौल:

आमच्या तळकोकणात या दोन गोष्टींची गाठ देवळातच पडते. घरात लग्न ठरेना, विहिरीला पाणी लागेना, भावाभावांत जमिनीचा वाद आला, की देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओले तांदूळ किंवा फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गोव्यात याला प्रसाद घेणं म्हणतात.

पाकळी कधी पडेल हे पाण्यावर, वाऱ्यावर, दगडाच्या गुळगुळीतपणावर असतं, हे गुरवालाही माहीत आहे आणि बसलेल्यांनाही. तरी तिथे कुणाला वाटत नाही की हा नुसता योगायोग. उलट माणसाचा हात लागणार नाही अशी जागा मुद्दाम मोकळी ठेवायची, म्हणजे देवाला बोलता येईल, असा त्यामागचा विचार आहे. वडिलांनी आमचं घर मोडकळीला आलं तेव्हा तिथेच राहायचं की रस्त्याकडेला नवं बांधायचं यासाठी कौल लावला होता. पाऊण तास एकही पाकळी हलली नाही. तो पाऊण तास मी अजून विसरलेलो नाही. शेवटी डावी पडली आणि आम्ही जुन्या जोत्यावरच राहिलो. चुलत्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. माणसाने निर्णय दिला असता तर नक्की घातला असता.

निवडणुकीच्या बातम्यांत ‘जनतेचा कौल’ वाचलं की मला ती पाकळी दिसते.

---

माजघर:

रानवाटा, सटवाई कशावरून ठरवते हे तिच्या मुलीनेही विचारलं नव्हतं. तिने विचारलं ते वेगळंच. ही कथा इरावती कर्व्यांनी १९५०मध्ये इंग्रजीत नोंदवून प्रसिद्ध केली, बायकांच्या तोंडी ती त्याआधीपासून असणार.

सटवाईची मुलगी आईला विचारते, रोज रात्री कुठे जातेस? आई म्हणते, पोरांच्या कपाळी लिहायला. माझ्या कपाळी काय लिहिलंस? आई सांगायला तयार नसते, मुलगी हट्टाला पेटते. शेवटी आई सांगते, तू तुझ्या पोटच्या मुलाशी लग्न करशील. मुलगी रानात निघून जाते, पुरुषाचं तोंड बघायचं नाही असं ठरवते. पण एका राजाने चूळ भरून टाकलेलं पाणी तिच्या पिण्यात येतं आणि तिला दिवस राहतात. मूल झाल्यावर ती त्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. ते दुसऱ्या घरी वाढतं, मोठं होतं, आणि पुढे रानात याच बाईला भेटतं. लग्न होतं. सासरी एक दिवस तो जुना कपडा तिच्या हाती येतो आणि तिला सगळं कळतं.

अशाच ईडिपसच्या ग्रीक कथेतली आई इथे गळफास घेते आणि मुलगा डोळे फोडून घेतो. आपल्या कथेतली बाई गप्प राहते. कुणाला सांगत नाही. नवऱ्याशी, सासूसासऱ्यांशी नीट संसार करते. मी ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटतं, लिहिणारीच्या पोटी जन्मलेली ती पोर, लेख पुसता येत नाही हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पण त्या लेखात ‘आणि मग ती मरेल’ असं कुठे लिहिलं होतं? ते कोरं राहिलेलं तिचं तिने भरलं.

आणखी एक सांगायचं आहे. या देवीच्या नावाची आपण शिवी केली. घरात मूल दगावलं की त्या घरातल्या सुनेला ‘सटवी’ म्हणायचे. बाळंतखोलीतली देवी षष्ठी, तिचं सटवाई झालं आणि तिच्याच नावाने बाळंतिणीला झोडपलं. लेखावर विश्वास ठेवणाऱ्या समाजाने लेखाचा दोष मात्र एका जिवंत बाईवर टाकला. हे विसरून पाचवीच्या दिव्याचं कौतुक मला करता येत नाही.

---

गावशीव:

वाचतोय. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते आणि म्हणून ते त्याचं ऐकायचे, ही कथा यात बसेल ना? हाड म्हणजे वंश, वंश म्हणजे नशीब. आमच्याकडे कीर्तनात रंगवून सांगतात.

---

मूळप्रत:

गावशीव, कथा सुंदर आहे, पण ती व्यासांच्या महाभारतात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने चिकित्सक आवृत्ती केली, तिच्यासाठी १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. पहिला भाग १९३३ साली आला आणि १९६६ साली काम पुरं झालं. तिथल्या सभापर्वात हाडांचे फासे नाहीत. शकुनी फक्त खेळात तरबेज आहे आणि कपट करतो. प्रत्येक डावानंतर एकच ओळ येते, ‘जितमित्येव शकुनिर्युधिष्ठिरमभाषत’. जिंकलं, असं शकुनी युधिष्ठिराला म्हणाला. पुन्हा जिंकलं. पुन्हा. एवढंच. ती ओळ परत परत वाचताना पोटात खड्डा पडतो, त्याला हाडांची गरज नाही.

पण मूळ संहितेत नाही म्हणून कथा खोटी ठरवून टाकू नका. लोकांना धर्मराजाचं हरणं नुसत्या कसबाने समजावता येईना, म्हणून त्यांनी फाशांच्या आत एक मेलेला बाप बसवला. परंपरेतही कुणीतरी, कधीतरी रचतच असतं. रचणाऱ्याचं नाव पुसलं गेलं की आपण तिला परंपरा म्हणतो. अगदी आपल्या डोळ्यांपुढचं उदाहरण संतोषी मातेचं. व्रत छोट्या पोथ्यांतून आधीपासून चालू होतं, पण १९७५ साली सिनेमा आला आणि देशभर शुक्रवारी आंबट वर्ज्य झालं. त्या बायकांची श्रद्धा नवी म्हणून कमी खरी होती, असं मी म्हणणार नाही.

---

संख्यारेषा:

मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे मी नळाकडूनच येणार.

थोडक्यात ओळख: दमयंतीने देवांना सोडून नळाला वरलं, म्हणून कली चिडला. तो नळात शिरायला फट शोधत होता. बारा वर्षांनी एकदा नळ पाय न धुता संध्येला बसला, तेवढी फट पुरली. कली नळात शिरला, द्वापर फाशांत. नळ भाऊ पुष्कराशी खेळला आणि राज्य घालवून बसला. (ही वाईट दानांची नावंच पात्रं होऊन आली आहेत, हे रानवाटांच्या धाग्यामुळे आज नीट दिसलं.)

पुढे नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दोघे विदर्भाकडे, कुंडिनपुराकडे निघालेत, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपुराकडे. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. बेहडाच! ऋतुपर्ण नजर टाकून सांगतो: दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं. नळ रथ थांबवतो. उशीर होईल म्हणून राजा विनवतो, पण नळ म्हणतो, मी मोजल्याशिवाय हलणार नाही. मोजतो, आणि फळं बरोबर तेवढीच भरतात. मग दोघे विद्येची अदलाबदल करतात. नळ अश्वहृदय म्हणजे घोड्यांची विद्या देतो, ऋतुपर्ण अक्षहृदय म्हणजे फाशांची. आणि ज्या क्षणी नळाला अक्षहृदय कळतं, त्या क्षणी कली विष ओकत त्याच्या शरीरातून बाहेर पडतो आणि त्या बेहड्यात जाऊन बसतो.

मला वर्गात हे सांगताना दर वर्षी भरून येतं. नळाची सुटका वराने झाली नाही, कुणी उःशापही दिला नाही. मोजता यायला लागलं आणि कली सुटला. मुठीत किती फळं आली हे नजरेने कळणं, हेच त्या खेळाचं हृदय असणार, कारण सारा खेळ बाकी किती उरते यावर आहे. न बघता मूठ भरली तर चारही दानं साधारण सारख्याच वेळा येतील. ज्याची नजर मोजते, त्याच्यासाठी ती सारखी राहत नाहीत.

अक्षसूक्तातली एक गोष्ट करून बघा. आठव्या ऋचेत फाशांचा घोळका ‘त्रिपञ्चाश’ म्हटला आहे. कुणी याचा अर्थ ५३ लावतात, कुणी १५०. ५३ला चारने भागा. बाकी एक, म्हणजे कली. १५०ला भागा, बाकी दोन, म्हणजे द्वापर. आख्खा ढीग उचलणारा हावरा कुठल्याही हिशोबाने हरतोच. ऋषीच्या मनात हे होतं असा दावा नाही, पण वहीत हे गणित मांडलं तेव्हा हात थांबला होता.

रानवाटा, तुमच्याकडे बेहडा जवळ असेल तर एकदा खरोखर मुठी भरून मोजा आणि इथे लिहा.

---

दूरदेशी:

मी आठ वर्षं हेलसिंकीत राहतो. इथे २८ फेब्रुवारीला कालेवाला दिन पाळतात. एलियास ल्योन्रोत नावाच्या डॉक्टरने खेड्यापाड्यांतून फिरून गाणी गोळा केली, ती जोडून, मधली सांधणी स्वतः करून १८३५ साली ‘कालेवाला’ हे महाकाव्य छापलं आणि १८४९ साली वाढवून पुन्हा छापलं. मूळप्रत यांनी वर जे म्हटलं ते इथे तारखेसकट दिसतं: गाणी लोकांची, माळ एका माणसाची. आणि त्या माळेने एका भाषेला कणा दिला.

त्यात कुल्लेर्वो नावाचा अभागी पोरगा आहे. नकळत स्वतःच्या बहिणीला भुलवतो, आणि शेवटी तलवारीलाच विचारतो, माझं रक्त पिशील का? टोल्किन या इंग्रज लेखकाने हीच कथा घेऊन आपल्या रचलेल्या विश्वात तूरिन उभा केला. हा तूरिन स्वतःला ‘तुरांबार’ म्हणवतो, म्हणजे दैवावर स्वामित्व असणारा. नाव घेतल्यावरही दैव त्याला गाठतंच. शाप बाहेरून आला की त्याच्या उतावळेपणातून, याचा निवाडा कथा देत नाही. माजघरांनी सांगितलेल्या सटवाईच्या मुलीशेजारी या दोघांना बसवून बघतोय. दोघेही तलवारीवर जाऊन पडतात आणि ती घरी जाऊन चूल पेटवते. आज दिवसभर हेच डोक्यात आहे.

पूर्णपणे रचलेल्या दैवतकथेचं एक उदाहरण तुमच्या मूळ प्रश्नाला थेट भिडतं. लॉर्ड डनसेनी या आयरिश लेखकाने १९०५ साली पेगाना नावाच्या जागेचे देव रचले, कुठल्याही परंपरेचा आधार न घेता. तिथे सगळ्याच्या आधी, धुक्यात, नियती आणि योगायोग एकमेकांविरुद्ध दान टाकतात: हा खेळ कोणाचा? जो जिंकला तो धुक्यातून चालत गेला आणि देव घडवणाऱ्याला म्हणाला, आता माझ्यासाठी देव कर. पण जिंकलं कोण, हे कुणालाच माहीत नाही. सटवाई कशावरून लिहिते, याला मला सापडलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच.

---

रानवाटा:

दूरदेशी, धुक्यातल्या त्या दोघांनी आज झोप लागू दिली नाही. पण एका ठिकाणी माझं मन अडतं. तिथे नियती आणि योगायोग दोन खेळाडू आहेत, एकमेकांचे वैरी. उजवा कौल यांच्या देवळात तसं नाही. तिथे पाकळीचं पडणं हीच देवाची वाचा आहे. म्हणजे आपल्याकडे हे दोन वेगळे मानलेच नाहीत का?

---

माजघर:

मानले आहेत, आणि ते कुणी मानले ते ऐका. द्रौपदीने.

वनपर्वात पांडव रानात आहेत. युधिष्ठिर क्षमा आणि धर्म सांगतोय. ज्या बाईला पणाला लावलं गेलं ती आधी चिडून म्हणते, विधाता प्राणिमात्रांशी असा खेळतो, जसं लहान पोर खेळण्यांशी. युधिष्ठिर तिला नास्तिकपणाचा ठपका देतो. मग ती थोडी शांत होते आणि दुसऱ्यांदा बोलते. हे दुसरं भाषण मला सगळ्या महाभारतात सर्वांत प्रिय आहे.

ती म्हणते, माणसाला मिळतं ते तीन वाटांनी: हठाने, दैवाने आणि स्वतःच्या कर्माने. इथला ‘हठ’ म्हणजे आपला हट्ट नव्हे. अवचित, काही कारण नसताना हाती येतं ते हठ. म्हणजेच योगायोग. दैव वेगळं, हठ वेगळा. आणि पुढे ती निकाल देते: ‘यश्च दिष्टपरो लोके यश्चायं हठवादकः । उभावपसदावेतौ कर्मबुद्धिः प्रशस्यते’. सगळं दैवावर सोडणारा आणि सगळं योगायोग म्हणणारा, दोघेही टाकाऊ. कामात बुद्धी ठेवणाऱ्याची वाखाणणी होते. शेतकऱ्याचं उदाहरण देते, नांगरून पेरलं, पाऊस आला नाही, तर त्याचा दोष नाही, त्याने आपलं केलं.

हे तू कुठे शिकलीस, याचंही उत्तर तिने दिलं आहे. माहेरी वडिलांनी एक पंडित ठेवला होता, तो भावांना नीती शिकवायचा, तेव्हा मी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकायचे.

भर सभेत फाशांनी जिचं सगळं नेलं, ती फाशांना शाप देत नाही, दैवाच्या नावाने रडतही बसत नाही. दोघांना वेगवेगळी नावं देते आणि बाजूला सारते. संख्यारेषा, तुमचा नळ हे करायला बेहड्याखाली थांबला. हिने तर बापाच्या मांडीवर बसूनच शिकून घेतलं होतं.

---

मूळप्रत:

माजघर, याला एक पुरवणी. नळाची कथा वनातल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी सांगतो, आणि कथा संपल्यावर तोच त्याला अक्षहृदय शिकवतो. म्हणून पुढे विराटाच्या घरी युधिष्ठिर कंक नावाने फासे खेळणारा होऊन राहू शकतो. नुसती कथा ऐकवून ऋषी उठून गेला नाही.

---

लेणीवेडा:

थोडी भर. वेरूळला १४, २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात जा आणि पटाच्या खालच्या बाजूचे नंदी आणि गण बघायला विसरू नका. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, त्या दिवशी शंकर पार्वतीकडून हरले अशी कथा आहे. जो जगाचा संहार करतो त्यालाही दान मागावं लागतं आणि उलटं पडलं तर मानावं लागतं, हे दगडात कोरून ठेवायला कुणाला भीती वाटली नाही.

---

उजवा कौल:

माजघरांचं द्रौपदीचं भाषण आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कौल लावल्यावर घराची कौलं आम्हीच चढवली की, देव नव्हता आला शिडी धरायला.

---

रानवाटा:

संख्यारेषा, केलं. रविवारी भाच्याला घेऊन गावामागच्या रानात गेलो आणि ५३ बेहडे वेचले. (जुनी, किडकी फळं बरीच होती, ती बाजूला टाकली.) ओसरीवर घोंगडी अंथरली. डोळे मिटून वीस मुठी भरल्या, चार-चारने मोजल्या. कृत चार वेळा, त्रेता सहा, द्वापर पाच, कली पाच. मग डोळे उघडे ठेवून, मुठीत किती आले याचा आधी अंदाज सांगून वीस भरल्या. माझे दोनच अंदाज बरोबर आले. भाच्याचे सात. तो तिसरीत आहे. त्याची मूठ लहान, फळं कमी येतात, म्हणून जमलं असेल, पण अकराव्या-बाराव्या मुठीनंतर तो मोजण्याआधीच ‘आठ, कृत’ असं ओरडत होता आणि आठच निघत होती.

आजी बाजूला तान्हीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला विचारलं, पाचवीला ठेवलेल्या त्या कोऱ्या कागदाचं पुढे काय केलंत? म्हणाली, टाकायचा नसतो, जपून ठेवलाय. आत जाऊन घेऊन आली. घडी केलेला, कोपऱ्याला हळद लागलेला, अजून कोराच. भाच्याने त्याच्या पाठच्या बाजूला आमची सगळी दानं लिहून काढली. मी अडवायला हात पुढे केला, पण आजीच म्हणाली, लिहू दे.